मॅक्फर्सन स्ट्रटवर आट्यांची स्लीव्ह: उंची कमी-जास्त होणारं सस्पेन्शन घरच्या हत्यारांनी कसं बनवायचं

मारुती ८००, झेन, अल्टो, सँट्रो, स्विफ्ट या सगळ्या गाड्यांच्या पुढच्या चाकांना मॅक्फर्सन स्ट्रट असतो. शॉकअप आणि स्प्रिंग एकाच खांबावर असतात. खांबाचं खालचं टोक नकलला (चाकाचा हब धरणाऱ्या भागाला) बोल्टने जखडलेलं असतं आणि वरचं टोक बॉनेटखालच्या टॉवरला, म्हणजे बॉडीच्या पत्र्यातल्या उंचवट्याला. स्प्रिंग खाली ज्या पत्र्याच्या वाटीवर टेकते, ती वाटी खांबाला वेल्ड केलेली असते. म्हणून गाडीची उंची कारखान्यात ठरते आणि तशीच राहते. ही वाटी वर-खाली सरकवता आली, की सस्पेन्शन ॲडजस्टेबल झालं. बाहेरून आटे पाडलेली एक नळी खांबावर चढवायची, तिच्यावर फिरणारी रिंग बसवायची आणि स्प्रिंग त्या रिंगवर टेकवायची, एवढंच हे काम आहे. लेथवर दोन दिवस आणि गाडीवर दोन दिवस लागतात. मात्र लेथवाल्याकडे जाण्याआधीचा हिशेब चुकला, तर उत्तम बनवलेले भागही गाडी बिघडवतात. त्यामुळे इथे हिशेबावर जास्त वेळ घालवला आहे.

आधी कायदा. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातल्या तपशिलाचा कंपनीच्या मूळ तपशिलाशी मेळ बसणार नाही असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे कलम कडक अर्थानेच वाचलं. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ मध्ये परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. अपघात झाला तर विम्याचा दावाही अडकतो. म्हणून हे काम ऑटोक्रॉसच्या (मोकळ्या मैदानातल्या वेळेच्या शर्यतीच्या), बंद ट्रॅकवरच्या किंवा खासगी जागेतल्या गाडीसाठी आहे, आणि ती गाडी तिथपर्यंत ट्रेलरवरून न्यायची. स्पर्धेत उतरणार असाल तर आपल्या गटाच्या नियमांत स्प्रिंगची बैठक बदलायला मुभा आहे का, ते काम सुरू करण्याआधी वाचा.

प्रवासाचा हिशेब

सस्पेन्शनचा एकूण प्रवास ठरलेला असतो. गाडी उभी असते त्या जागेपासून चाक वर जातं तो बंपचा प्रवास आणि खाली लोंबतं तो ड्रूपचा. उंची ३० मिमीने उतरवली, की ते ३० मिमी बंपमधून कापले जातात आणि ड्रूपमध्ये जमा होतात. स्प्रिंग कोणती घ्यायची, किती लांब, हेल्पर (मुख्य स्प्रिंग सैल पडू न देणारी छोटी, मऊ स्प्रिंग) लागेल की नाही, हे सगळं यावरून ठरतं.

चार आकडे मोजून घ्या.

पहिला आकडा वजनाचा. वजनकाट्यावर फक्त पुढची चाकं प्लॅटफॉर्मवर येतील अशी गाडी उभी करा. चालक आत बसलेला, टाकी निम्मी भरलेली. बऱ्याच काट्यांवर ५ किंवा १० किलोचे टप्पे असतात, तेवढी अचूकता इथे पुरते. समजा पुढचं वजन ६२० किलो आलं. एका चाकावर ३१०. त्यातून चाक, ब्रेक, हब आणि आर्मचा अर्धा भाग असे सुमारे ३५ किलो वजा करा. स्प्रिंगवर २७५ किलो उरले.

दुसरा आणि तिसरा आकडा प्रवासाचा. हबच्या मध्यापासून मडगार्डच्या कमानीच्या कडेपर्यंतचं अंतर मोजा आणि यापुढे उंची कायम इथेच मोजत चला. जमिनीपासून मोजलं तर टायरची हवा मधे येते. गाडी उभी असताना हे अंतर ३६० मिमी आहे असं धरू. जॅकवर उचलून चाक लोंबू दिलं की ४३५ झालं, म्हणजे ड्रूप ७५. आता स्ट्रट उतरवा, स्प्रिंग काढून नुसता स्ट्रट परत बसवा, बॉडी स्टँडवर ठेवा आणि बंप स्टॉप (प्रवासाच्या शेवटी धक्का झेलणारा मऊ ठोकळा) निम्मा दबेपर्यंत चाक जॅकने वर चढवा. गाडी स्टँडवरून उचलली जायला लागली तर तिथेच थांबा. अंतर २७५ आलं, म्हणजे बंप ८५. चाक वर असतानाच स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. टायर कुठे घासतो, ब्रेकची नळी कुठे ताणते, एबीएसची वायर कुठे अडकते, ते आत्ताच कळतं.

चौथा आकडा मूळ स्प्रिंगच्या ताठपणाचा. यासाठी ५० किलोच्या दोन सिमेंटच्या गोण्या पुरतात. बॉनेट उघडून दोन्ही टॉवरवर आडवी फळी टाका, प्रत्येक टॉवरवर एक गोणी ठेवा आणि गाडी दोन-तीनदा हलवून बसू द्या. शॉकअपच्या घर्षणामुळे ती अर्ध्यावर अडकून राहते, म्हणून हे हलवणं टाळू नका. कमान-हब अंतर २५ मिमीने घटलं, तर स्प्रिंग ५० भागिले २५ म्हणजे मिमीला २ किलो. मॅक्फर्सनमध्ये चाक जेवढं वर जातं जवळजवळ तेवढाच स्ट्रट दबतो, म्हणून चाकापाशी मोजलेला आकडा स्प्रिंगचाच धरायला हरकत नाही.

आता या आकड्यांचं काय करायचं ते बघू. पुढचे सगळे आकडे या उदाहरणातल्या साधारण टनभर वजनाच्या हॅचबॅकचे आहेत. तुमच्या गाडीचे वेगळे येतील, रीत हीच राहील.

खड्ड्यात किंवा उंचवट्यावर स्प्रिंग किती धक्का पोटात घेते, ते ताठपणा गुणिले प्रवासाच्या वर्गावर अवलंबून असतं. मूळ गाडीत २ गुणिले ८५ चा वर्ग म्हणजे १४,४५०. गाडी ३० मिमी उतरवली तर बंप ५५ उरतो, त्याचा वर्ग ३,०२५. तेवढाच धक्का झेलायला स्प्रिंग ४.८ किलोची लागेल, म्हणजे मूळच्या जवळजवळ अडीचपट. १५ मिमी उतरवली तर बंप ७०, वर्ग ४,९००, आणि स्प्रिंग सुमारे ३ किलोची लागते.

इथे शॉकअप आड येतो. स्प्रिंग दीडपट ताठ केली तर तिला आवरायला शॉकअपचा जोर साधारण २२ टक्के जास्त लागतो आणि चांगल्या स्थितीतला मूळ शॉकअप तेवढं कसंबसं निभावतो. २.४ पट ताठ स्प्रिंगला ५५ टक्के जास्त जोर लागेल, आणि तो त्याच्याकडे नसतो. गाडी चेंडूसारखी उसळते, टायर जमीन सोडतो. म्हणून मूळ शॉकअप ठेवायचा असेल तर दीडपटीच्या पुढे जाऊ नका आणि नेहमीची बैठक १५ मिमीच्या आसपास ठेवा. त्याखालची जागा फक्त सपाट डांबरी ट्रॅकसाठी.

ड्रूपचीही बाजू पाहू. ३ किलोची स्प्रिंग २७५ किलोखाली ९२ मिमी दबते. गाडी १५ मिमी उतरवली असताना ड्रूप ७५ अधिक १५ म्हणजे ९० मिमी. चाक पूर्ण लोंबलं तरी स्प्रिंग २ मिमी दबलेलीच राहते आणि बैठक सोडत नाही. ३० मिमी उतरवली तर ड्रूप १०५ होतो आणि स्प्रिंग १३ मिमी सैल पडते. सैल स्प्रिंग कडेवर तिरकी बसते आणि गाडी खाली आदळली की कडा कापते किंवा वरची वाटी वाकवते. म्हणून १५ मिमीच्या खाली जायची सोय ठेवायची असेल तर हेल्पर स्प्रिंग हवीच. तिचा प्रवास निदान २० मिमी असावा आणि ती गाडीच्या वजनाखाली पूर्ण चपटी व्हावी.

एक गैरसमज इथेच दूर करायला हवा, कारण तो फार पसरलेला आहे. रिंग वर फिरवली की स्प्रिंग ताठ होते, असं नसतं. गाडी जमिनीवर उभी असताना स्प्रिंगवरचं वजन तेच असतं, त्यामुळे तिची लांबीही तीच राहते. रिंग वर गेली की गाडी वर जाते, इतकंच. चालवताना गाडी वेगळी लागते ती बंप आणि ड्रूपची वाटणी बदलल्यामुळे.

स्प्रिंग बनवून घेताना

स्प्रिंग वळणाऱ्याला नुसतं मिमीला तीन किलो सांगून भागत नाही. सूत्र असं: वायरच्या व्यासाचा चौथा घात काढा (व्यास × व्यास × व्यास × व्यास), त्याला ७९,००० ने गुणा, मग ८ गुणिले मध्यव्यासाचा घन गुणिले कामाचे वेढे याने भागा. सगळं मिलिमीटरमध्ये घातलं की उत्तर न्यूटनमध्ये येतं, त्याला ९.८१ ने भागलं की किलो.

आपल्या उदाहरणात वायर १०.५ मिमी, आतला व्यास ६५, म्हणजे मध्यव्यास ७५.५. कामाचे वेढे साडेनऊ घेतले की २९.४ न्यूटन, म्हणजे मिमीला ३ किलो. दोन्ही टोकांचा एकेक मेलेला, म्हणजे दबण्यात भाग न घेणारा वेढा धरून एकूण साडेअकरा वेढे. टोकं घासून सपाट केल्यावर पूर्ण मिटलेली लांबी सुमारे ११५ मिमी.

मोकळी लांबी अशी काढा: मिटलेली लांबी ११५, उभ्या गाडीखालचा दाब ९२, सर्वांत वरच्या बैठकीतला बंप आणि ८ मिमी राखीव. सर्वांत वरची बैठक मूळपेक्षा १० मिमी खाली धरली तर बंप ७५, आणि बेरीज २९०. ही बेरीज टाळून छोटी स्प्रिंग घेतली की मोठ्या खड्ड्यात वेढ्यावर वेढा आदळतो, बंप स्टॉपला काम करायची वेळच येत नाही आणि सगळा धक्का टॉवरला बसतो. टॉवरच्या पत्र्याला तडे जाण्याचं हे नेहमीचं कारण. रिंग ठरलेल्या जागेच्या वर जाऊ नये म्हणून स्लीव्हचे आटे तिथेच संपवा.

लांबी मध्यव्यासाच्या चौपटीच्या आत ठेवा, त्यापुढे स्प्रिंग मधेच फुगून वाकते. २९० भागिले ७५.५ म्हणजे ३.८, चालतं.

माल क्रोम-सिलिकॉन वायरचा मागा. शॉट पीनिंग (पृष्ठभागावर बारीक गोळ्यांचा मारा) आणि प्री-सेटिंग करूनच द्यायला सांगा. प्री-सेटिंग म्हणजे नवी स्प्रिंग पूर्ण मिटवून सोडायची, असं तीन-चार वेळा. ते केलं नाही तर पहिल्या आठवड्यातच स्प्रिंग काही मिलिमीटर बसते आणि दोन बाजू वेगवेगळ्या बसतात. जोडी एकाच वेळी वळलेली हवी. हातात आल्यावर दोन्ही स्प्रिंगा सपाट फरशीवर शेजारी उभ्या करा. उंचीत २ मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर परत करा.

मूळ स्प्रिंग कापून किंवा गॅसवर तापवून छोटी करायचा मोह होतो. तापवलेल्या स्प्रिंगचं टेम्पर जातं आणि ती बसतच राहते. मूळ स्प्रिंगचा व्यासही या रिंगवर बसत नाही.

स्लीव्ह आणि रिंग

स्ट्रटच्या नळीचा बाहेरचा व्यास व्हर्नियरने तीन जागी आणि प्रत्येक जागी आडवा-उभा मोजा. रंग आणि गंज आधी बारीक सँडपेपरने काढा. रंगाच्या थरामुळे माप चुकतं आणि स्लीव्ह अर्ध्यावर अडकते. नळी ५१ मिमी असेल तर स्लीव्हचा आतला व्यास ५१.२. त्याहून घट्ट केली तर पावसाळ्यानंतर निघत नाही, सैल केली तर खडखडते.

स्लीव्हसाठी ॲल्युमिनिअमचा एचई-३० किंवा ६०८२-टी६ ग्रेड घ्या. भंगारातला अनोळखी ॲल्युमिनिअमचा बार नको, त्यावर आटे पहिल्या दोन-चार वेळांतच उडतात. लांबी १५० मिमी, बाहेर एम६० बाय २ चे आटे. आट्यांच्या मुळाशी भिंत तीन मिमीहून थोडी जास्त उरते आणि इथल्या दाबाला ती पुरेशी आहे. २ मिमी पिच मुद्दाम निवडला आहे. एक फेरा म्हणजे २ मिमी, हिशेब सोपा राहतो, आणि बारीक आट्यांइतकी धूळ त्यात अडकत नाही. वरच्या टोकाला आतून एक खाच पाडून ओ-रिंग बसवा, म्हणजे स्लीव्ह खांबावर वाजत नाही. खालच्या टोकाला ४ मिमीच्या तीन खाचा ठेवा, आत गेलेलं पाणी तिथून निघतं.

रिंग इएन-८ स्टीलच्या. भार घेणारी रिंग १२ मिमी जाड, बाहेरचा व्यास ८६, आणि वरच्या बाजूला ६४.८ व्यासाचा ६ मिमी उंच उठाव, ज्यावर स्प्रिंग मधोमध बसेल. त्याखाली लॉकची रिंग ८ मिमी जाड. दोन्हींच्या कडेला ६ मिमीच्या सहा खाचा, हुक पान्यासाठी. ॲल्युमिनिअमच्या स्लीव्हवर ॲल्युमिनिअमचीच रिंग घेतली तर दोन्ही एकमेकांना चावून जाम होतात. स्टील-ॲल्युमिनिअम जोडीलाही आट्यांवर कॉपर ग्रीस हवंच.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात, पुण्यात भोसरीला किंवा नाशिकच्या सातपूर-अंबडला अशी कामं करणारे टर्नर सहज भेटतात. कागदावर मापांसह चित्र काढून न्या आणि स्ट्रटही सोबत न्या. स्लीव्ह खांबावर चढते की नाही, ते लेथवरून भाग उतरवण्याआधीच तपासून घ्यायला सांगा.

मूळ वाटी: सर्वांत धोक्याचं काम

आजचे बहुतेक स्ट्रट सीलबंद असतात. आत तेल असतं आणि अनेकांत दाबाखालचा गॅस. अशा नळीवर वेल्डिंग करायचं नाही, गॅस कटर लावायचा नाही, भोक पाडायचं नाही. तेल तापून नळी फुटू शकते. ती फुटली नाही तरी सील जळतं आणि शॉकअप काही दिवसांत गळायला लागतो.

सीलबंद स्ट्रटवर घरी करण्याजोगा एकच सुरक्षित मार्ग आहे: वाटीचा बाहेरचा भाग कापायचा आणि नळीलगत ८ मिमीची कड ठेवायची. तीच कड स्लीव्हची बैठक होते. त्यासाठी दोन अटी आहेत. वाटीचं वेल्डिंग नळीभोवती पूर्ण वर्तुळात हवं. तुकड्या-तुकड्यांनी टाचलेलं असेल तर हा मार्ग सोडा. आणि वाटी नळीला काटकोनात हवी. कित्येक गाड्यांत ती मुद्दाम तिरकी लावलेली असते, कारण तिरकी स्प्रिंग स्ट्रटवरचा वाकवणारा जोर कमी करते. तिरक्या कडेवर सरळ स्लीव्ह एकाच बिंदूवर टेकते आणि सगळा भार तिथे जातो.

कापायला ४ इंची ग्राइंडर आणि १ मिमीची पातळ डिस्क घ्या. दांड्याला, म्हणजे चकचकीत क्रोमच्या रॉडला, जाड कापड गुंडाळून टेप लावा. एक ठिणगी किंवा एक ओरखडा सील कापायला पुरतो. वाटी पाकळ्यांसारखी आठ तुकड्यांत बाहेरून आत कापत या आणि नळीपासून ८ मिमीवर थांबा. मधून मधून ओलं फडकं गुंडाळा. नळीला हात लावून ठेवता येईल एवढीच ती गरम होऊ द्या. नळीच्या पत्र्यावर डिस्कची खूण उमटली, तर तो स्ट्रट बाद. नळी अडीच मिमीच्या आसपास जाड असते आणि मॅक्फर्सनमध्ये हीच नळी ब्रेकचा आणि वळणाचा जोर झेलते. राहिलेल्या कडेवर १० मिमी जाड एम.एस.ची (माइल्ड स्टीलची) चकती ठेवा आणि तिच्यावर स्लीव्ह. कडेला लगेच झिंक प्रायमर मारा.

वाटी तिरकी असेल तर वरच्या नटाने उघडणारा, आत कार्ट्रिज (वेगळा काढता येणारा शॉकअप) बसणारा स्ट्रट शोधा, किंवा शॉकअप दुरुस्त करणाऱ्याकडून तसा बनवून घ्या. कार्ट्रिज बाहेर काढून, तेल पूर्ण उपसून, नळी धुऊन-वाळवून मगच वाटी पूर्ण काढायची आणि एम.एस.ची कॉलर वेल्ड करायची: १२ मिमी उंच, ६ मिमी जाड. इएन-८ इथे नको, त्यात कार्बन जास्त असल्याने वेल्डलगत तडा जातो. वेल्ड चार चतुर्थांशांत, समोरासमोरचे भाग घेत करा. एका दमात गोल फिरवलात तर नळी वाकते आणि कार्ट्रिज परत जात नाही. स्वतःला वेल्डिंगची खात्री नसेल तर हा भाग अनुभवी वेल्डरकडेच द्या.

वरची बैठक

मूळ वरची वाटी १२० ते १३० मिमीची असते, नवी स्प्रिंग ८६ ची. मधे एक टोपी लागते: इएन-८, बाहेरून ८८ व्यास, खाली ६४.८ चा ८ मिमी उंच उठाव आणि मधोमध रॉड आणि बंप स्टॉप जाण्यापुरतं भोक.

इथे एक गोष्ट अनेकांच्या नजरेतून सुटते. बऱ्याच माउंटमध्ये, म्हणजे स्ट्रटला टॉवरशी जोडणाऱ्या रबरी भागात, भाराच्या दोन वाटा असतात. स्प्रिंगचा भार बेअरिंगमधून थेट टॉवरला जातो आणि शॉकअपच्या रॉडचा धक्का मधल्या रबराला. लहान व्यासाची टोपी मूळ वाटीच्या मधल्या भागावर दाबली, तर स्प्रिंगचं वजनही रबरावर येतं आणि माउंट थोड्याच दिवसांत फाटतं. मूळ वाटी कापू नका. तिच्या आतून टोपी अशी बसवा, की भार वाटीच्या बाहेरच्या कडेवर, बेअरिंगच्या वर्तुळावर पडेल. लागलीच तर ५ मिमीची चकती मधे घाला. जोडणी झाल्यावर स्ट्रट शिकंज्यात धरून वरचं माउंट हाताने फिरवा. स्प्रिंगसकट ते सहज फिरलं पाहिजे. अडकत असेल तर स्टिअरिंग वळणानंतर परत येणार नाही आणि स्प्रिंग टण्‌कन सुटल्याचा आवाज येत राहील.

उतरवणं आणि जोडणं

मूळ स्प्रिंग चाक लोंबलेलं असतानाही दबलेलीच असते. आपल्या उदाहरणात २७५ भागिले २ म्हणजे उभ्या गाडीत १३७ मिमी, त्यातून ड्रूप ७५ वजा केला की ६२ मिमी, म्हणजे सव्वाशे किलोचा ताण. स्प्रिंग कॉम्प्रेसर समोरासमोर लावून, दोन्ही बाजू आळीपाळीने थोड्या-थोड्या आवळून स्प्रिंग वाटीतून हलायला लागली की मगच वरचा नट सोडा. तोंड किंवा हात स्प्रिंगच्या रेषेत नको. तारा आणि दोऱ्या बांधून हे काम करू नका.

रॉड पकडीने धरायचा नाही. वरच्या टोकाला एलन-कीची जागा किंवा सपाट कापलेला भाग असतो, तिथेच धरा.

जोडण्याचा क्रम: कडेवर चकती, नळीवर कॉपर ग्रीसचा पातळ हात, स्लीव्ह, लॉकची रिंग, भाराची रिंग, हेल्पर आणि तिची मधली चकती, मुख्य स्प्रिंग, बंप स्टॉप, टोपी, मूळ वाटी, बेअरिंग, माउंट, नवा नट. हेल्पर चपटी झाल्यावर चकतीसकट साधारण १५ मिमी जागा खाते. गाडी स्वतःच्या वजनावर उभी राहिली, की भाराची रिंग टोपीपासून १९८ अधिक १५ म्हणजे २१३ मिमीच्या आसपास येईल. १९८ म्हणजे २९० वजा ९२, वजनाखाली दबलेल्या स्प्रिंगची लांबी.

बंप स्टॉप फेसाळ पॉलियुरेथेनचाच ठेवा, कडक रबर नको. एक तृतीयांशापेक्षा जास्त कापू नका.

नकलचे बोल्ट आणि सेल्फ-लॉक नट नवे लावा आणि गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधल्या टॉर्कनेच आवळा. चाक लावल्यावर रिंग आणि टायर यांच्यात ८ मिमी अंतर हवं. कमी असेल तर हेल्पर काढून रिंग वर घ्या किंवा व्हील स्पेसरचा विचार करा. स्पेसरने मात्र हब बेअरिंगवर ताण वाढतो.

उंची लावणं

दोन्ही बाजूंच्या रिंगांवर रंगाची एक उभी रेघ मारा, फेरे मोजायला सोपं जातं. गाडी जॅकवर असतानाच रिंग फिरवा. वजनाखाली फिरवली तर आटे चावतात. जमिनीवर आणून दहा-पंधरा मीटर पुढे-मागे ढकला, समोरचा भाग दोनदा दाबून सोडा, मग कमान-हब अंतर मोजा. आपल्या उदाहरणात ३४५ हवं. डावी-उजवी बाजू ३ मिमीच्या आत आली की लॉक आवळा.

उंची बदलली की टो (वरून पाहताना चाकं किती आत किंवा बाहेर वळलेली आहेत ते माप) बदलतोच. व्हील अलाइनमेंट न करता गाडी वेगात चालवू नका, टायरच्या आतल्या कडा झपाट्याने झिजतात. रिंग पुन्हा हलवली तर अलाइनमेंटही पुन्हा.

मग रॉडभोवती, शॉकअपच्या तोंडाला टेकेल अशी एक प्लॅस्टिकची झिप-टाय बांधा आणि ट्रॅकवर फेरी मारा. झिप-टाय वर सरकून राहते तिथपर्यंत बंपचा प्रवास वापरला गेला. ती प्रत्येक फेरीत बंप स्टॉपमध्ये घुसत असेल तर ५ मिमी वर घ्या. बरीच खाली राहत असेल तर उतरवायला जागा आहे. अंदाजाने चर्चा करण्यापेक्षा ही दोन रुपयांची पट्टी जास्त खरं सांगते.

मागची बाजू

स्विफ्टसारख्या गाड्यांत मागे टॉर्शन बीम (दोन्ही चाकं जोडणारा, पीळ घेणारा आडवा दांडा) असतो आणि स्प्रिंग शॉकअपपासून वेगळी. तिथे स्लीव्ह नको. मूळ बैठकीत घट्ट बसणारा स्टीलचा आट्यांचा ठोकळा आणि त्यावर रिंग पुरते. दोन गोष्टी ध्यानात ठेवा. स्प्रिंग चाकाच्या पुढे असल्याने रिंग आणि चाक समान हलत नाहीत. प्रमाण ०.७ असेल तर रिंगच्या १० मिमीला चाकापाशी १४ मिमी फरक पडतो. आणि हा ठोकळा स्वतःच उंची खातो, म्हणून मागची स्प्रिंग तेवढी छोटी लागते. मागचं वजन माणसं आणि सामानाने पुढच्यापेक्षा खूप बदलतं, त्यामुळे मागे पुढच्याइतकं उतरवू नका.

बिघाड ओळखणं

समोरचा भाग दाबून सोडल्यावर गाडी एकदा वर येऊन थांबली पाहिजे. दीड हेलकाव्यापेक्षा जास्त झाले तर शॉकअप कमी पडतोय. रिंग फिरवून यात फरक पडत नाही.

वळणात टक्‌टक् आवाज आला तर स्प्रिंग ड्रूपमध्ये सैल पडतेय किंवा टोपी बेअरिंगवर नीट बसलेली नाही. खराब रस्त्यावर पत्र्यासारखा खडखडाट हा बहुधा स्लीव्हची ओ-रिंग गेल्याचा. रॉडच्या एकाच बाजूला चमक आणि तेलाचा ओघळ दिसला तर स्प्रिंगच्या बाजूच्या जोराने रॉडचा बुश झिजतोय. मूळ वाटीला किंचित तिरपेपणा होता, हे त्याचं कारण असू शकतं.

पहिल्या १०० किलोमीटरला आणि नंतर ५०० ला लॉक रिंग, नकलचे बोल्ट आणि वरचे नट तपासा, कापलेल्या कडेवर तडा आहे का ते टॉर्चने बघा. पावसाळ्याआधी आटे ब्रशने साफ करून कॉपर ग्रीस लावा आणि उघड्या आट्यांवर जुन्या ट्यूबचा तुकडा चढवून वर-खाली बांधा. खालच्या टोकाच्या खाचा मात्र उघड्या ठेवा. कोकणपट्टीच्या खाऱ्या हवेत ॲल्युमिनिअम आणि स्टीलच्या मधे पांढरी पूड साचून स्लीव्ह नळीला धरून बसते, म्हणून तिथे वर्षातून दोनदा स्लीव्ह उतरवून आतून पुसा आणि पुन्हा ग्रीस लावून चढवा.